रुपयात किती?

“कचरा कसा गं? पंचवीस रुपयांची वस्तू आहे ती,” एवढंच आप्पा, माझे वडील, म्हणाले आणि हातातल्या दोन्ही प्लॅस्टिकच्या बाटल्या त्यांनी होत्या तिथं, कचरापेटीच्या शेजारी, परत ठेवल्या. नीट उभ्या करून. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या रोझेनश्टाइन पार्कमधली जुलैची संध्याकाळ होती. साडेआठ वाजून गेले तरी लख्ख उजेड, गवतावर पोरंपोरी लोळत पडलेली. त्यातला एक घोळका उठला आणि रिकाम्या बाटल्या पेटीशेजारी मांडून निघून गेला. आप्पांनी गुडघ्यावर हात टेकून वाकून त्यातल्या दोन उचलल्या, तळाशी उरलेलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं, रुमालानं बाटल्यांची तोंडं पुसली आणि आपल्या कापडी पिशवीचं तोंड उघडलं, तेवढ्यात मी ओरडले. “आप्पा, ठेवा ते! कचरा आहे तो!” बाबागाडी ढकलत चाललेलं एक जोडपं वळून बघून पुढे गेलं. त्यांना मराठी कळायचं कारण नव्हतं, पण आवाजाची पट्टी कळतेच की.

घरी येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. आप्पा दोन पावलं मागे चालत होते. कराडला रस्त्यानं जाताना ते कायम दोन पावलं पुढे असतात.

इथे पाण्याच्या, थंड पेयाच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर किंवा डब्यावर २५ सेंट अनामत आधीच कापून घेतात. फांड म्हणतात त्याला. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या गोल तोंडात घातली, की ती आत गरगर फिरते, यंत्र तिच्यावरची खूण वाचतं, मग आत काहीतरी कचकन चिरडल्याचा आवाज येतो आणि शेवटी पैशांची चिठ्ठी बाहेर येते. ती काउंटरवर दिली की पैसे परत. आप्पांना हे सगळं येऊन दोन दिवस व्हायच्या आत पाठ झालं होतं. चेपलेली बाटली यंत्र थुंकतं, म्हणून बाटली दाबायची नाही; बिअरच्या काचेच्या बाटलीला नुसते ८ सेंट, ओझं मात्र दुप्पट, म्हणून तिच्या नादी लागायचं नाही. युरो तेव्हा शंभर रुपयांना जाऊन टेकला होता, त्यामुळे त्यांचा हिशोब सोपा. एक सेंट म्हणजे एक रुपया. मी आले तेव्हा ऐंशीनं गुणावं लागायचं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी माझ्या लाजेची चौकशी करत बसले. लोक काय म्हणतील, ही ती लाज नव्हती. इथली माणसं बाटली पेटीत न टाकता मुद्दाम शेजारी ठेवतात, ती वेचणाऱ्याला आत हात घालावा लागू नये म्हणून. बाड कानश्टाटच्या स्टेशनवर संध्याकाळी एक बाई दिसतात, पांढरे केस नीट विंचरलेले, अंगात इस्त्रीचा कोट, हातात छोटी विजेरी. प्रत्येक पेटीत विजेरीचा झोत टाकून बघतात आणि पुढे जातात. कोणी त्यांच्याकडे टक लावून बघत नाही. मग मी का ओरडले? कारण २०१८च्या डिसेंबरात याच पार्कातून मीही अकरा बाटल्या उचलल्या होत्या. दोन युरो पंच्याहत्तर सेंट. तेव्हाचे दोनशेवीस रुपये. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आणि आप्पांनी तर मला न विचारता माझीच युक्ती शोधून काढली होती.

आप्पा एसटीत कंडक्टर होते, कराड आगारात. माझ्या लहानपणच्या वासांत एक वास त्यांच्या चामडी पिशवीचा आहे, नाण्यांचा, घामाचा आणि जुन्या कागदाचा. रात्री ते घरी आले की उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं काळी झालेली असत. ड्युटीवर चढताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत याची नोंद करावी लागे, म्हणजे वाटेत तपासणी झाली तर कंडक्टरचे किती आणि एसटीचे किती ते कळावं. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला, की घरातही त्यांचे पैसे आणि आईच्या डब्यातले पैसे कधी एकत्र झाले नाहीत. सुट्टे नसले की ते तिकीट पालथं करून त्याच्यावर परत द्यायचा आकडा लिहीत, त्याला गोल करत आणि म्हणत, “उतरताना घ्या.” मी त्यांच्या गाडीत बसून शाळेच्या सुट्टीत साताऱ्याला मावशीकडे जायची, तेव्हा बघत राहायची. उतरताना लोक विसरून चालायला लागत. आप्पा दारातून हाक मारून पैसे हातात ठेवत. “ओ पाहुणं, बाकी!”

माझ्या इथल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा हिशोब याच माणसानं केला. वर्षाला ४८,००० युरो. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आप्पांनी गुणाकार मांडला, हातचे घेत, शून्य मोजत. ३८,४०,०००. बाराने भागून ३,२०,०००. महिन्याला. आई कणीक मळायची थांबली. “एवढ्या पैशाचं करणार काय तू एकटी?” असं तिनं अगदी मनापासून विचारलं. आठवडाभरात आळीतल्या सगळ्यांना तो आकडा माहीत झाला आणि त्यानंतर आमच्या घरी येणारी लग्नपत्रिका आहेराच्या अपेक्षेनं जरा जडच यायला लागली.

त्या पत्रिकेवर दुसरा हिशोब मांडायला जागा होती, पण तो मांडायला माहिती लागते आणि ती आमच्या कोणाकडे नव्हती. ४८,००० हा ‘ब्रुट्टो’ आकडा. कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बेकारी विमा, म्हातारपणी सेवाशुश्रूषा लागली तर त्याचा वेगळा विमा, असं सगळं जाऊन हातात येतो तो ‘नेट्टो’. मी अविवाहित, म्हणजे करवर्ग पहिला. महिन्याच्या चार हजारांतले साधारण अडीच हजार खात्यावर आले, तेव्हा मला वाटलं पगारपत्रकात चूक झाली आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या पत्रकात तर आणखी एक ओळ होती, चर्चचा कर. इथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट म्हणून नोंद असलेल्याच्या पगारातून तो परस्पर कापला जातो. आमच्या राज्यात आयकराच्या ८ टक्के. आप्पांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “बरं आहे की, गणपतीच्या वर्गणीला पोरं दारात यायची कटकट नाही.”

मग घर. इथे भाडं थंड असतं आणि उबदार असतं. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. त्यात हीटिंग, पाणी, जिन्याचा दिवा, कचरा वगैरे धरलं की उबदार. वीज तरीही वेगळी. माझं ३४ चौरस मीटरचं घर थंड ६२०, उबदार ७६०. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी, १,८६० युरो, म्हणजे दीड लाख रुपयांना जेमतेम बाराशे कमी. हे सगळं मी कागदावर वाचलं होतं. वाचलं नव्हतं ते हे, की दार उघडल्यावर स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती असतील आणि एका भिंतीतून पाण्याचे दोन नळकांडे बाहेर डोकावत असतील. ओटा नाही, बेसिन नाही, शेगडी नाही. छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या, बल्बचं होल्डरसुद्धा माणूस घेऊन गेला होता. स्वयंपाकघर इथे बरेचदा भाडेकरूचं असतं; जाताना तो उपसून नेतो, नाहीतर नव्या माणसाला विकतो. मला आधीच्या भाडेकरूनं नऊशे युरोंना विचारलं होतं आणि मी मोठ्या तोऱ्यात नको म्हणाले होते. बहात्तर हजार रुपयांत कराडला आईचा अख्खा ओटा ग्रॅनाइटचा झाला होता. मग सात आठवडे मी विजेच्या एकुलत्या एका शेगडीवर खिचडी शिजवली आणि भांडी न्हाणीघरात घासली. महिन्याभरात एक पत्र आलं, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, तीन महिन्यांचे साडेबावन्न युरो. माझ्याकडे टीव्ही नाही, असं मी उलट कळवणार होते. सहकारी हसला. टीव्ही असो-नसो, ते घराला लागतं, म्हणाला.

त्या हिवाळ्यात मी हीटर लावला नाही. त्याच्या गोल खटक्यावर एक ते पाच आकडे असतात आणि प्रत्येक आकड्यापुढे मला रुपये दिसत. स्वेटरवर स्वेटर घालून, दोन मोजे चढवून, खिडक्या घट्ट बंद करून मी त्या खोलीत बसायचे. फेब्रुवारीत खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. घरमालकानं ती बघितली आणि शांतपणे समजावलं, की घर गरम ठेवायचं आणि दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडून पाच मिनिटं गार वारा आत घ्यायचा. पैसे देऊन गरम केलेली हवा बाहेर सोडून द्यायची! भिंत खरवडून रंगवायला जो खर्च आला, त्यात दोन हिवाळे हीटर चालला असता.

या सगळ्या काळात फोनवर रोज एकच प्रश्न. रुपयात किती? ब्रेड किती, बसचं तिकीट किती, डोक्याचं तेल किती, आणि मग ते रुपयात किती. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं, की घरचे पगार गुणतात आणि आम्ही खर्च गुणतो. त्यामुळे तिकडे मी श्रीमंत होत गेले आणि इकडे भिकारी, तेही एकाच दिवशी, एकाच दरानं. दोन्ही गुणाकार बरोबर होते. भांडायला जागाच नव्हती.

अर्थशास्त्रात या गोंधळाचा निपटारा फार पूर्वी झालेला आहे. गुस्टाव्ह कॅसेल नावाच्या स्वीडिश अर्थतज्ज्ञानं १९१८ मध्ये क्रयशक्तीच्या समतेची कल्पना त्या नावानिशी मांडली. म्हणजे दर काय आहे ते सोडा, त्या पैशात तिथं काय येतं ते बघा. पण क्रयशक्तीनं भागलं तरी माझा खरा बुचकळा सुटत नव्हता. दूध, चीज, लोणी, चॉकलेट इथे आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त; आणि जिथं माणसाचा हात लागला तिथं भाव आभाळाला. कपडे धुण्याचं यंत्र परवडतं, ते जोडून द्यायला येणारा माणूस परवडत नाही. तो तर नुसता दारापर्यंत आल्याचेही वेगळे पैसे लावतो. बॉमोल आणि बोवेन या दोघा अमेरिकनांनी १९६६ मध्ये याचं कारण वाद्यवृंदावरून सांगितलं. चार वादकांची जुनी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसं आणि जितका वेळ लागायचा तितकाच आजही लागतो, पण कारखान्यातल्या मजुराची कमाई वाढली की वादकाचीही वाढवावी लागते, नाहीतर तो कारखान्यात जाईल. केस कापायचंही तसंच. त्यामुळे मी आरशासमोर उभी राहून स्वतःचे केस स्वतः कापायला शिकले आणि पहिल्या वर्षीच्या सगळ्या फोटोंत माझी बट डावीकडे एक बोटभर आखूड आहे. आप्पांना यातलं कॅसेल-बॉमोल काही सांगावं लागलं नाही. त्यांची स्वतःची मोजपट्टी होती, चहा, दाढी-कटिंग आणि एसटीचा एक टप्पा. एकदा त्यांनी फोनवर मला तिघांचे भाव विचारून घेतले आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “म्हणजे तुझा पगार तसा आपल्या डेपो मॅनेजरएवढाच की.” मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

गुणाकार कधी सुटला ते आठवत नाही. पगार वाढला, करवर्ग बदलला नाही पण सवय झाली. एक दिवस कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून मी पुढे गेले आणि भाव बघायचा राहून गेला, इतकंच. पण तो सुटला आणि त्याच्या जागी भागाकार लागला, हे कराडला गेल्यावर कळलं. स्टँडवरून घरी यायला रिक्षावाल्यानं ऐंशी मागितले. मी दिले. ऐंशी म्हणजे मनातल्या मनात एक युरोसुद्धा नाही. आप्पा दारात उभे राहून बघत होते. साठ होतात, म्हणाले, आणि रात्री जेवताना पुन्हा म्हणाले, “तू दोन आठवड्यांनी जाशील. आम्हाला त्याच्याच रिक्षात बसायचंय.” मंडईतही तेच झालं. माझ्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली आणि मला कडेला उभं केलं, लहानपणी करायचे तसं.

आई गेल्यावर तीन वर्षांनी, २०२५च्या उन्हाळ्यात ते इकडे आले. त्यासाठी मला परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन एक हमीपत्र करून द्यावं लागलं. त्याचं जर्मन नाव म्हणून संपेपर्यंत गाडी पुढच्या थांब्यावर पोचते. २९ युरो शुल्क, पगाराची पत्रकं, घराचा करार. मजकूर असा, की हा पाहुणा इथे असेपर्यंत त्याच्या राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा खर्च मी करीन आणि सरकारला त्याच्यावर काही खर्चावं लागलं तर ते पैसे मी भरीन. बाईंनी बोट ठेवलं तिथं मी सही केली. आप्पांनी तो कागद व्हिसाच्या फाइलीत बघितला आणि एका सहप्रवाशाकडून विमानात त्याचा अर्थ विचारून घेतला. विमानतळावर भेटल्यावर पहिलं वाक्य तेच. “मला पोसणार म्हणून लिहून दिलंस होय गं?” हसत म्हणाले. मीही हसले. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

बाकी त्यांचे दोन महिने मजेत गेले. त्या वर्षी ५८ युरोंना मिळणाऱ्या मासिक पासावर देशभरातल्या सगळ्या स्थानिक गाड्या चालतात हे कळल्यावर “म्हणजे आपलं एसटीचं ‘आवडेल तेथे प्रवास’,” असं म्हणून त्यांनी तो छातीच्या खिशात ठेवला. ट्रॅममध्ये कंडक्टर नाही, याचं मात्र त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटलं. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि तिकीट नसलं तर ६० युरो घेतात, हे सांगितल्यावर जरा समाधान झालं. सहा हजार, म्हणाले, आणि खिसा चाचपला. तळमजल्यावरच्या ऐंशीच्या पुढच्या आजींशी त्यांची गट्टी जमली. आमच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. माझी पाळी आली तर आप्पांनी बादली घेतली. श्टुटगार्टभोवतीच्या श्वाबेन मुलखातली ही माणसं काटकसरीसाठी साऱ्या देशात थट्टेचा विषय आहेत. आजी दह्याच्या बरण्या धुऊन, पुसून, उन्हात वाळवून दुकानात परत देतात. दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही. पण जिन्यात उभं राहून एकमेकांना रिकाम्या बरण्या दाखवत दोघं बराच वेळ काहीतरी बोलत असायची. स्टेशनवरच्या विजेरीवाल्या बाईही त्यांना भेटल्या असाव्यात. एकदा जेवताना मधेच म्हणाले, “स्टेशनात मी काही उचलत नाही हां. ती त्यांची लाइन आहे.”

म्हणजे पार्कातल्या त्या संध्याकाळनंतरही ते उचलतच होते. मी ऑफिसला गेल्यावर.

ऑगस्टच्या मध्याला ते गेले. आठवड्यानं हळद संपली म्हणून मी फडताळातला मोठा डबा काढला, तर त्यात हळदीच्या पुडीवर रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. यंत्रातून येणाऱ्या त्या फांडच्या चिठ्ठ्या, एकही न वटवलेली. पाऊण युरो, दीड युरो, पुन्हा पाऊण, सव्वादोन. मी बेरीज केली, नऊ युरो पंचवीस सेंट. सदतीस बाटल्या. सगळ्यात वरची चिठ्ठी पालथी होती आणि तिच्यावर बॉलपेननं, मला लहानपणापासून ओळखीच्या त्या तिरप्या अक्षरात, ओळीखाली ओळ लिहिली होती. विमान ७८०. विमा ९६. व्हिसा ९०. हमीपत्र २९. एकूण ९९५. त्याखाली ते रुपयात, शंभरच्या भावानं, ९९,५००. वजा बाटल्या ९२५. बाकी ९८,५७५, आणि त्याला गोल.

माझ्याकडे राहण्या-खाण्याचं त्यांनी काही धरलं नव्हतं. ५८च्या पासाचेही नाही. ते बहुधा आपल्या माणसाकडून घ्यायच्या गोष्टींत बसत असावं. किंवा जिन्याच्या बादलीत वळतं झालं असावं. मी विचारलं नाही.

फोन लावला तेव्हा तिकडे रात्रीचे साडेदहा झाले होते. पंख्याचा आवाज येत होता आणि मागे टीव्हीवर बातम्या. मी म्हटलं, “आप्पा, हे अठ्ठ्याण्णव हजार पाचशे पंच्याहत्तर काय आहे?”

त्यांनी टीव्ही बारीक केला.

“सुट्टे नव्हते,” म्हणाले. “उतरताना घे.”